ड्रेन्ते : नेदरलँड्सची अडगळीची खोली?

सायकलवाली

नेदरलँड्समध्ये येऊन मला पाच वर्षं झाली. पहिली तीन आमस्टरडॅमच्या आसपास गेली, म्हणजे कालवे, ट्युलिप, भारतातून आलेल्या पाहुण्यांना पवनचक्क्या दाखवणं वगैरे. मग नवऱ्याची नोकरी बदलली आणि आम्ही आसेनला आलो. ऑफिसातल्या डच मंडळींना हे सांगितलं तेव्हा एकाने विचारलं, "तिकडे कशाला?" दुसरा म्हणाला, "तिकडे दगड आहेत." एवढीच त्यांची माहिती. तेव्हापासून मनात होतं की कधीतरी या प्रांतावर धागा काढायचा.

आधी भूगोल उरकते. ड्रेन्ते (स्पेलिंगात 'एच' आहे, तोंडात नाही) हा देशाच्या ईशान्येचा प्रांत. वर ग्रोनिंगन, डावीकडे फ्रीसलंड, खाली ओव्हराइसल, उजवीकडे जर्मनी. समुद्र कुठूनच नाही. लोकसंख्या ५ लाखांच्या आसपास. देशात सरासरी दर चौरस किलोमीटरला पाचशेच्या वर माणसं राहतात, इथे दोनशेसुद्धा नाहीत. आसेन राजधानी असली तरी एम्मन तिच्याहून मोठं.

देशाचा बराच भाग समुद्रसपाटीच्या खाली, हा मात्र बशी उलटी ठेवावी तसा. मध्ये थोडा उंचवटा, कडेला उतार, आणि उतार संपला की पूर्वी जवळजवळ सगळीकडे दलदल. सुमारे दीड लाख वर्षांपूर्वी स्कँडिनेव्हियातून हिमनद्या सरकत आल्या. त्यांनी येताना खडक, गोटे आणि घट्ट चिकणमाती आणली आणि वितळताना इथेच टाकली. या मातीतून पाणी मुरत नाही. मग ते साचलं, त्यात शेवाळ वाढलं, नीट कुजायच्या आत त्यावर पुढचं वाढलं, आणि हजारो वर्षांत पीटचे, म्हणजे जळणाला वापरायच्या काळ्या मातीचे, थर तयार झाले. दलदलीत न बुडालेला सत्तर किलोमीटरचा एक लांबडा उंचवटा आहे, त्याचं नाव होन्ड्स्रुख, म्हणजे कुत्र्याची पाठ. माझी रोजची सायकल त्या पाठीवरून जाते आणि चढ आहे हे मला अजून एकदाही जाणवलेलं नाही.

त्या हिमनद्यांनी टाकलेले खडक उचलून इथल्या पहिल्या शेतकऱ्यांनी पाचेक हजार वर्षांपूर्वी थडगी बांधली. त्यांना ह्युनेबेड म्हणतात. अख्ख्या देशात अशी ५४ शिल्लक आहेत, त्यातली ५२ या एका प्रांतात. सगळ्यात मोठं बोर्खर गावाजवळ, २२.६ मीटर लांब. उभ्या शिळांच्या दोन रांगा आणि वर आडव्या छतशिळा. 'ह्युने' म्हणजे राक्षस, 'बेड' म्हणजे आपला पलंगच. १६६० साली योहान पिकार्ड्ट नावाच्या पाद्र्याने पुस्तकात छापून टाकलं की हे राक्षसांचं काम. आपण नाही का, कोणी खोदली ते ठाऊक नसलं की लेण्यांना पांडवलेणी म्हणून मोकळे होतो.

पण मला त्याहून आवडलेली गोष्ट वेगळी. १७३०च्या सुमारास डच किनाऱ्यावरच्या बंधाऱ्यांची लाकडं एका समुद्री किड्याने पोखरली. ही शिंपल्याच्या जातीतली अळी, लाकूड आतून खाते. लाकूड गेलं, मग दगड हवा. आणि दगड या देशात एकाच ठिकाणी. लोक ह्युनेबेड फोडून विकायला लागले. शेवटी १७३४ मध्ये ड्रेन्तेच्या कारभाऱ्यांनी हुकूम काढला की थडग्यांचे दगड हलवायचे नाहीत. युरोपातल्या सर्वांत जुन्या वारसा-कायद्यांमध्ये तो धरला जातो.

बाकीच्या देशाने मात्र ड्रेन्तेकडे नेहमी अडगळीची खोली म्हणूनच पाहिलं, असं माझं मत झालंय. शहरात नको असलेलं सगळं इकडे पाठवायचं. भिकारी इकडे, कैदी इकडे, कचरा इकडे, निर्वासित इकडे. सविस्तर प्रतिसादांत लिहिते, मुलीला पोहायला न्यायची वेळ झाली.

चहाटळ

वाचतोय. राक्षसांचा पलंग आवडला. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

नकाशावेडा

छान विषय. इतिहासाची थोडी भर घालतो.

ड्रेन्तेला कधी मोठा राजा नव्हता. अकराव्या शतकापासून नावाला मालक उट्रेख्टचा बिशप. २८ जुलै १२२७ रोजी बिशप ओटो चिलखती सरदारांची फौज घेऊन बंडखोरांना धडा शिकवायला निघाला. आने नावाच्या गावाजवळ (आज ते सीमेपलीकडे, ओव्हराइसलमध्ये आहे) ड्रेन्तेचे शेतकरी रुडोल्फ फान कूफोर्डनच्या हाताखाली दलदलीच्या पल्याड उभे राहिले. वरून गवत दिसत होतं, खाली चिखल. घोडे आणि चिलखतं रुतली आणि शेतकऱ्यांनी सरदार कापून काढले. बिशप स्वतः तिथेच मेला. वाचताना उंबरखिंड आठवल्याशिवाय राहत नाही.

पुढचं अजून मजेदार. बिशपला मारणं हे पाप, तेव्हा प्रायश्चित्त म्हणून ड्रेन्तेकरांना जोगिणींचा मठ बांधून द्यावा लागला. तो आधी कूफोर्डनजवळ होता, पण जागा फारच ओली, म्हणून काही वर्षांनी उत्तरेला हलवला. त्या मठाभोवती जे गाव वाढलं ते सायकलवाली ताईंचं आसेन. त्याला शहराचा दर्जा मिळाला थेट १८०९ मध्ये, नेपोलियनचा भाऊ लुई राजा असताना.

आणि डच प्रजासत्ताकाच्या काळात हा प्रांत असूनही हिशेबात नव्हता. हॉलंड, झीलंड वगैरे सात प्रांतांना केंद्रीय सभेत मत होतं, ड्रेन्तेला नव्हतं. खर्चाचा वाटा मात्र होता, शंभरात एक. भिकाऱ्यांना इकडे पाठवणं १८१८ पासूनचं, पण तुमचा 'अडगळ' मुद्दा माझ्या मते त्याच्या बराच आधी सुरू होतो.

अवांतर : कॅनडातलं व्हँकूव्हर ज्या कप्तान जॉर्ज व्हँकूव्हरच्या नावावरून आलं, त्याचं आडनाव 'फान कूफोर्डन' म्हणजे कूफोर्डनकर याचंच इंग्रजी रूप.

सायकलवाली

नकाशावेडा, मठाची गोष्ट मला माहीत होती पण प्रायश्चित्ताची नव्हती. आता रोज बाजारात जाताना आठवेल.

हं, तर १८१८. नेपोलियनच्या लढाया संपल्या होत्या, शहरांत कंगाल लोकांची गर्दी. योहानेस फान डेन बोस नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने योजना काढली की शहरातल्या गरिबांना ड्रेन्तेच्या माळावर न्यायचं, प्रत्येक कुटुंबाला छोटं घर, अडीचेक हेक्टर जमीन आणि अवजारं द्यायची, आणि शेती करून त्यांनी वर यायचं. पहिली वसाहत फ्रेडरिक्सओर्ड. मुलांना शाळा सक्तीची, वसाहतीचं चलन वेगळं, वागणुकीवर लक्ष. ज्यांना हे जमेना, आणि भिकारी, भटके, अनाथ मुलं, त्यांच्यासाठी १८२३ पासून फेनहाउझन. ते मात्र सक्तीचं.

फेनहाउझनला मी दोनदा गेले. सरळ रेषेत झाडं, सरळ रेषेत कालवे, आणि नोकरवर्गाच्या घरांवर मोठ्या अक्षरांत कोरलेली नावं. एकावर 'सुव्यवस्था आणि शिस्त', एकावर 'श्रम हेच वरदान'. दवाखान्याच्या घरावर लिहिलंय 'कडू आणि गोड'. कुणाला तरी विनोदबुद्धी होती म्हणायची. आता एका इमारतीत तुरुंगाचं संग्रहालय आहे, पण शेजारी खरे तुरुंगही चालू आहेत. त्यातला एक तर २०१५ ते २०१८ नॉर्वेने भाड्याने घेतला होता, त्यांच्याकडे कैद्यांना जागा पुरेना म्हणून. यांना अडगळ ठेवायची इतकी सवय की बाहेरच्या देशाचीही ठेवून घेतली!

२०२१ मध्ये या वसाहती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. आणि हेच फान डेन बोससाहेब १८३० मध्ये जावाला गव्हर्नर जनरल म्हणून गेले आणि तिथल्या शेतकऱ्यांवर सक्तीची नगदी पिकं लादली. ऊस, कॉफी, नीळ. गरिबाला कामाला जुंपायचं प्रात्यक्षिक आधी ड्रेन्तेत झालं होतं, एवढंच म्हणते.

कचरा : हेगसारख्या शहरांचा कचरा रेल्वेने वाइस्टर गावाला यायचा, त्याचं खत करून माळ पिकवायचा बेत. उरलेल्याचा डोंगर झाला. आज ड्रेन्तेतलं सर्वांत उंच ठिकाण तेच! त्यावर सायकलचा घाट केलाय, फ्रेंच थाटात नाव ठेवलंय 'कोल द्यू वाम', आणि २०२३ ची युरोपीय सायकल स्पर्धा तिथे संपली. हा चढ मात्र जाणवतो, स्वतः चढले आहे.

निर्वासितांचं नंतर लिहिते. ते असं घाईत लिहायचं नाही.

खानदेशी

ताई, लेख भारी. मला बोलीबद्दल विचारायचंय. तिकडची लोकं डचच बोलतात ना? की आपल्या अहिराणीसारखं, घरात एक अन् शाळेत दुसरं?

सायकलवाली

खानदेशी, अगदी तसंच. यावर मला सगळ्यात जास्त लिहायचं होतं.

आम्ही राहायला आलो त्या आठवड्यातली गोष्ट. दारात शेजारचे आजोबा, हातात बागेतले कांदे, पायात मातीचे बूट. म्हणाले, "मोइ." हा इथला नमस्कार, सकाळी, दुपारी, रात्री, कधीही. मग म्हणाले, "हेय तीट?" मी नुकतीच डचची परीक्षा पास झालेले, प्रमाणपत्र अजून खोक्यातून निघायचं होतं, आणि मला कळेना की हे गृहस्थ तीट का मागतायत. पोरीला दृष्ट लागू नये म्हणून? त्यांनी तीनदा विचारलं. मग हसून डचमध्ये विचारलं, "हेप ये टैट?" वेळ आहे का!

ही एक जोडी कळली की निम्मी बोली कळते. ड्रेन्ट्स ही नीचसॅक्सन गटातली. पलीकडे उत्तर जर्मनीत जे 'प्लाट' बोलतात ते तिचं सख्खं. प्रमाण डच निराळ्या शाखेची, फ्रँकिश. डचमध्ये पूर्वीच्या लांब 'ई'चा 'ऐ' झाला आणि लांब 'ऊ'चाही उच्चार फिरला. ड्रेन्तेने जुनं तसंच ठेवलं. म्हणून डच 'टैट', इथे 'तीट'. डच 'कैकन' (बघणे), इथे 'कीकन'. घराला उत्तरेकडे 'हूस' म्हणतात. नैऋत्येकडे गेलात की तेच 'ह्यूस'. मंडळी शब्दावरून माणूस कुठल्या गावचा ते ओळखतात.

दुसरी गंमत शब्दाच्या शेवटाची. 'चालणे'चं डच स्पेलिंग 'लोपन'. आमस्टरडॅमवाला शेवटचा 'न' खाऊन 'लोपऽ' म्हणतो. ड्रेन्तेवाला नेमका उलटा, तो मधला स्वर गिळतो आणि अनुनासिक ठेवतो, ओठ मिटलेलेच राहतात : 'लोप्म्'. आजोबा बोलताना तोंड उघडत नाहीत असं मला आधी वाटायचं. चूक माझी, व्याकरणच तसं आहे. भूतकाळातही फरक. 'केलं'ला डच 'खेमाक्त', नैऋत्य ड्रेन्तेत त्यातला 'ख' गळून 'एमाक्त', आणि उत्तरेत तोही 'ए' गळून नुसतं 'माक्त'. उत्तरेकडे जाल तसा शब्द झिजतो.

शाळेचं विचाराल तर आजोबा सांगतात की त्यांच्या लहानपणी वर्गात बोली निघाली की मास्तर सुधारायचे. आज नवरा-बायको एकमेकांशी बोली बोलतात, नातवंडं आली की मान वळवून डच. मी समोर बसून हे बघते. एकाच वाक्यात, एका मानेच्या वळणात भाषा बदलते.

आणि कौतुकाची तऱ्हा! मी दिवाळीत चकली नेऊन दिली. आजोबांनी एक खाल्ली, दुसरी खाल्ली, म्हणाले, "कोन मिंडर." शब्दशः, 'याहून कमी असू शकलं असतं'. मी हिरमुसले. आजी म्हणाल्या, अगं, चाळीस वर्षांत माझ्या स्वयंपाकाला एवढं नाही म्हणाले.

चहाटळ

कोन मिंडर, ताई, कोन मिंडर.

पूर्वीची_डेल्फ्टकर

एक छोटी दुरुस्ती नव्हे, पुस्ती. 'बोली' म्हटलं की काही ड्रेन्तेकर रागावतात. प्रादेशिक भाषांच्या युरोपीय सनदेखाली नेदरलँड्सने नीचसॅक्सनला भाषा म्हणून मान्यता दिलेली आहे. पण सनदेत दोन पायऱ्या आहेत. फ्रिशियनला वरची, म्हणजे शाळा, न्यायालय, कारभार यांत ठोस हक्क. नीचसॅक्सनला खालची, म्हणजे तोंडभरून आदर. २०१८ मध्ये सरकार आणि प्रांतांनी एक करारही केला, त्यातही पैशापेक्षा सदिच्छा जास्त.

बाइलनला 'ह्यूस फान दे ताओल' (भाषेचं घर) ही संस्था आहे, मार्च महिना बोलीचा महिना म्हणून साजरा करतात. आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी स्किक नावाच्या बँडने ड्रेन्ट्समध्ये गाणी म्हटली ती देशभर गाजली. डेल्फ्टच्या वसतिगृहात शब्दही न कळणारी मुलं ती गात असायची.

भाषेचा नकाशा बघायचा तर पीटचा नकाशा बघा. वाळूच्या उंचवट्यावरची जुनी गावं जुनं ड्रेन्ट्स बोलतात. पूर्वेला पीट खणायला ग्रोनिंगन, फ्रीसलंड, जर्मनी अशा सगळीकडून मजूर आले, तिथली बोली ग्रोनिंगनकडे झुकलेली. आणि उलट, फ्रीसलंडच्या आग्नेय कोपऱ्यातल्या स्टेलिंगवेर्फ भागात फ्रिशियन नाही, ड्रेन्ट्सची चुलत बहीण बोलतात. प्रांताची हद्द एकीकडे, जिभेची दुसरीकडे.

ओसाडगावचे_पाटील

मी वाखेनिंगनला मृदाशास्त्र शिकायला दोन वर्षं होतो, तेव्हा आम्हाला ड्रेन्तेत खड्डे बघायला नेलं होतं. लोक दगड बघायला जातात, आम्ही माती.

मूळ माती म्हणजे भिकार वाळू. मग लोक जगले कसे? गावाच्या मधोमध 'ब्रिंक', म्हणजे ओकच्या झाडांखालची मोकळी जागा, संध्याकाळी गुरं जमायची. गावाशेजारी 'एस', सगळ्यांची मिळून शेतजमीन, प्रत्येकाच्या त्यात पट्ट्या. आणि चहूकडे हेदरचा, म्हणजे खुरट्या झुडपांचा, माळ, सामाईक. मेंढ्या दिवसभर माळावर चरायच्या आणि रात्री गोठ्यात. माळावरची हेदर मुळांसकट मातीच्या चकत्यांनी कापून आणायची आणि मेंढ्यांखाली अंथरायची. लेंड्या, मूत, चकत्या, पुन्हा चकत्या. वसंतात तो सगळा थर गाड्या भरभरून एसवर. आपल्याकडे धनगर शेतात मेंढ्या बसवतात ना, तसंच, फक्त इथे मेंढी शेतात न नेता शेताचं अंथरूण मेंढीखाली आणलं.

हे शेकडो वर्षं चाललं. म्हणून एस आजूबाजूच्या जमिनीहून उंच आहे, काही ठिकाणी मीटरभर. खड्ड्यात उतरलो तर वर काळसर तपकिरी, मऊ, माणसाने आणलेली माती माझ्या कमरेपर्यंत, आणि खाली एकदम फिकी वाळू. मध्ये रेघ मारल्यासारखी सीमा. एकाने हात लावून पाहिलं आणि म्हणाला, ही शेणाची भिंत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रासायनिक खत आलं आणि मेंढ्यांचं काम संपलं. आता काही कळप हौसेने आणि माळ राखायला ठेवलेत, ड्विंगलोच्या बाजूचा ओला माळ राष्ट्रीय उद्यान आहे.

आता तक्रार. ताई, तुमचं शीर्षक मला पटलं नाही. अडगळीची खोली म्हणजे तिथे राहणारं कोणी नाही असा अर्थ होतो. तिथे माणसं होती आणि त्यांची घडी पक्की होती. माळ कोणी किती वापरायचा ते गावातले जमीनधारक एकत्र बसून ठरवत, त्या 'मार्के'चे वारस अजून कित्येक गावांत आहेत. प्रांताचं स्वतःचं न्यायमंडळ होतं, 'एटस्टूल', चोवीस जणांचं, वर्षातून तीनदा बसायचं. त्यातली एक बैठक पूर्वी बालोजवळच्या एका खळग्यात, उघड्यावर भरायची. हेगवाल्यांनी माळ 'ओसाड' म्हटला कारण त्यांना नांगर दिसला नाही. ओसाडगावच्या पाटलाला हे झोंबणारच!

सायकलवाली

पाटील, झोंबलं ते बरोबर झोंबलं. शीर्षकात प्रश्नचिन्ह घातलंय. शब्द काढत नाही, कारण पाठवणाऱ्यांनी तो तसाच वापरला.

त्या घडीतलं एक अजून जिवंत आहे, 'नाओबर' म्हणजे शेजारी. पण नुसता शेजारी नाही, कर्तव्य असलेला. लग्नाला दारावर कमान बांधायची ती शेजाऱ्यांनी, मयताला खांदा द्यायचा तोही शेजाऱ्यांनी. डिसेंबरात आजींनी मला वॅफल करायला बोलावलं. लोखंडी चिमट्यात पातळ पापडासारखे. वर्ष संपेपर्यंत ते सपाट ठेवायचे, कारण जुनं वर्ष पूर्ण उलगडलेलं असतं. एक जानेवारीपासून तेच गरम असताना गुंडाळून नळी करायची, आत साय, कारण नव्या वर्षात काय आहे ते दिसत नाही. माझ्या नळ्या सगळ्या फुटल्या. आजी काही बोलल्या नाहीत, फुटक्या स्वतःच्या ताटलीत घेतल्या.

आता वेस्टरबोर्क.

१९३९ मध्ये जर्मनीतून पळून आलेल्या ज्यूंसाठी डच सरकारने छावणी बांधायचं ठरवलं. आधी जागा ठरली होती मध्य नेदरलँड्समध्ये. पण ती राजवाड्यापासून बारा किलोमीटरवर, राणी विल्हेल्मिनाकडून नाराजी आली. मग ड्रेन्तेचा माळ. खर्च ज्यू संस्थांच्या माथी. पुढे जर्मन आले तेव्हा त्यांना आयती छावणी मिळाली, १ जुलै १९४२ पासून ताबा त्यांचा. इथून गाड्या पूर्वेला जायच्या, बहुतेक मंगळवारी. ॲन फ्रँकचं कुटुंब ३ सप्टेंबर १९४४ च्या गाडीत होतं, आउशविट्झला गेलेली ती इथली शेवटची गाडी.

आज बरॅकी जवळजवळ नाहीत. परेडच्या मैदानावर १,०२,००० छोटे उभे दगड आहेत, न परतलेल्या प्रत्येकासाठी एक, नेदरलँड्सच्या नकाशाच्या आकारात मांडलेले. त्यांची उंची सारखी नाही. मी गेले तेव्हा माझ्या मुलीने विचारलं, छोटे दगड मुलांचे का? मला उत्तर माहीत नव्हतं.

पूर्वीची_डेल्फ्टकर

त्याच छावणीचा पुढचा अध्याय लोक विसरतात. १९५१ मध्ये इंडोनेशियातून मोलुक्कन सैनिकांची कुटुंबं आणली. डच सैन्यात लढलेली माणसं, बोटीवरून उतरताच सैन्यातून काढलेली. काहींना ठेवलं याच बरॅकींत, नाव बदलून 'स्खाटनबेर्ख'. 'थोडे दिवस' म्हणून आणलेले लोक तिथे वीस वर्षं राहिले. मग आसेन, बोफेन्स्मिल्डे इथे वस्त्या. पुढच्या पिढीतल्या काही तरुणांनी १९७५ मध्ये वाइस्टरला रेल्वे ओलीस धरली, १९७७ मध्ये दे पुंटला पुन्हा रेल्वे आणि त्याच वेळी बोफेन्स्मिल्डेची शाळा, शंभराहून जास्त मुलांसकट. तीन आठवड्यांनी सैन्याने रेल्वेवर हल्ला केला, सहा अपहरणकर्ते आणि दोन ओलीस मेले. वर फान डेन बोसचा उल्लेख आला आहे, जावा ते ड्रेन्ते असा तो धागा जोडून वाचावा.

जुन्नरकर

मी नारायणगावचा, म्हणून एक भर. छावणीच्या अगदी लगत चौदा मोठ्या तबकड्या एका ओळीत उभ्या आहेत. वेस्टरबोर्कची रेडिओ दुर्बीण, १९७० ची, प्रत्येक तबकडी २५ मीटर. आमच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ३०, प्रत्येकी ४५ मीटर. वेस्टरबोर्कची ओळ पूर्व-पश्चिम, बारा तासांत पृथ्वी अर्धी फिरते आणि त्या एका ओळीने पूर्ण तबकडीचं काम होतं. खोडदला चौदा तबकड्या मधल्या चौकात आणि सोळा तीन फाट्यांवर, इंग्रजी वायसारख्या. तत्त्व तेच.

जागा निवडायचं कारणही तेच : माणसं कमी, रेडिओ गोंगाट कमी. आमच्याकडे डोंगरांचा आडोसा, तिकडे माळाची शांतता. म्हणजे ताईंच्या भाषेत, अडगळीच्या खोलीत आवाज येत नाही, हा गुण ठरला. जवळच ड्विंगलोला १९५६ ची आणखी जुनी २५ मीटरची दुर्बीण आहे, आता हौशी मंडळी चालवतात. १९९४ मध्ये तिने हुडकलेल्या दीर्घिकेचं नावच 'ड्विंगलो १'.

सायकलवाली

जुन्नरकर, म्हणूनच तिथे गाड्या लांब उभ्या करायला लावतात! संग्रहालय ते छावणी सुमारे तीन किलोमीटर, चालत, सायकलने किंवा तिथल्या बसने. मी समजत होते की गांभीर्य राखायला.

नकाशावेडा

चित्रकार व्हॅन गॉ राहिला की. १८८३ च्या सप्टेंबरात तो होखेफेनला आला, तिथून पीटच्या नावेने निउ-आमस्टरडॅमला, डिसेंबरात निघून गेला. तीन महिन्यांत मातीच्या झोपड्या, पीटच्या नावा, वाकलेल्या बाया. पैसे संपले, रंग संपले, एकटेपणा सोसवेना. पण भावाला पत्रं लिहिली ती या माळाच्या प्रेमाने भरलेली.

खानदेशी

पुढच्या महिन्यात कंपनीच्या कामाने उट्रेख्टला येतोय, एक रविवार मोकळा आहे. काय बघू? आणि 'मोइ'ला उत्तर काय द्यायचं?

सायकलवाली

उत्तरही 'मोइ'च. 'मोइ मोइ' म्हणू नका, ते बडबड्या माणसाचं लक्षण समजतात.

उट्रेख्टहून ग्रोनिंगनची इंटरसिटी घ्या, झ्वोलवरून येते, आसेनला उतरा. पावणेदोन तास धरून चला. स्टेशनपासून चालत ड्रेन्ट्स संग्रहालय. तिथे पेसेची होडी बघा, १९५५ मध्ये हमरस्ता बांधताना सापडली, दहाएक हजार वर्षांपूर्वीची, जगातली सर्वांत जुनी सापडलेली होडी. म्हणजे एक पोकळ ओंडका, ज्यांनी खणून काढला त्यांना आधी झाडच वाटलं होतं. शेजारच्या दालनात ईडेची मुलगी आहे, म्हणजे दलदलीत टिकून राहिलेलं प्रेत. १८९७ मध्ये पीट खणणाऱ्या दोघांना सापडली आणि ते घाबरून पळाले. सोळाएक वर्षांची, पाठीचा कणा वाकडा, गळ्यात लोकरीचा पट्टा तसाच आवळलेला, दोन हजार वर्षं दलदलीने जपलेला. तिच्यापुढे थोडं थांबा.

बोर्खरला रेल्वे नाही, बस आहे, रविवारी कमी असतात, वेळापत्रक आदल्या दिवशी बघा. आणि येणारच असाल तर एक पाकीट भाजणी आणा. आजोबा परवा कुंपणावरून विचारत होते, त्या गोल काटेरी वस्तूचं पुढे काय झालं.